चाळीस हजार आणि दहा खोकी

सकाळी ७.१०

चहा गॅसवर आणि वही ओट्यावर. माझ्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन पानं. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर पैसे. डोंबिवलीत दहा बाय बाराच्या गाळ्यात सतरा वर्षं कॉम्प्युटर जोडतेय, पण डावं पान कोरं असताना उजव्याला हात लावायचा नाही हा नियम आता मोडत नाही. मोडला तेव्हा पस्तावले, म्हणून तर नियम झाला.

आजचं पान एका रिक्षावाल्या दादांचं. काल संध्याकाळी ते मुलीला घेऊन आले होते. मुलगी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला. ‘ताई, चाळीस हजारांच्या वर एक रुपया नाही. त्यात तुमची मजुरीपण धरा.’ मुलीने मोबाइल पुढे केला. काचेचं कॅबिनेट, आत सहा पंखे, सगळ्यांना रंगीत दिवे. मी विचारलं, ‘काम काय करणारेस?’

‘अँड्रॉइडचं ॲप बनवायचंय. प्रोजेक्ट आहे.’

‘आणि गेम?’

तिने वडिलांकडे बघितलं. ‘थोडे.’

ते ‘थोडे’सुद्धा मी डाव्या पानावर लिहून घेतलं. खाली लिहिलं : तीन-चार वर्षं टिकायला हवा, पुढे वाढवता यायला हवा, घरी पावसाळ्यात लाइट जाते. लॅपटॉप का नको, हे दादांनी विचारलंच होतं. चाळीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये मेमरी बऱ्याचदा बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवायची सोय नसते. ही मुलगी बसून काम करणार आहे, फिरून नाही. विषय संपला.

सकाळी ८.३०

डोंबिवली फास्ट. लेडीज डब्यात बसायला जागा मिळणार नव्हतीच, पण दरवाजाच्या आत उभं राहून मोबाइलवर हिशेब करता येतो. घाऊकवाल्यांची भावपत्रकं व्हॉट्सॲपवर येतात. आमच्या धंद्यात भाव भाजीसारखे असतात. प्रोसेसर दुधी भोपळा, फार हलत नाही. मेमरी टोमॅटो.

ठाण्यापर्यंत पहिला प्रश्न सोडवला : ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का? बऱ्यापैकी कार्डाला चाळीसातले निम्मे पैसे जातील आणि उरलेल्यात बाकीचा कॉम्प्युटर रडका होईल. ॲप बनवणाऱ्या मुलीला आधी मेमरी आणि कोअर हवेत. म्हणजे ग्राफिक्स पोटात असलेला प्रोसेसर घ्यायचा आणि ‘थोडे’ त्याच्यावर भागवायचं. कार्ड दोन वर्षांनी, तिच्या पहिल्या पगारातून.

मग दोन नावं उरली. इंटेलचा कोअर आय३ १२१०० : चार कोअर, आठ थ्रेड. एएमडीचा रायझन ५ ५६००जी : सहा कोअर, बारा थ्रेड. एकेका कोअरच्या वेगात इंटेल पुढे, पण पोटातलं ग्राफिक्स एएमडीचं दमदार. अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात इम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, शेजारी ब्राउझरची वीस पानं, हे सगळं एकाच वेळी उघडं असणार. कामाला सहा माणसं बरी. रायझनवर खूण केली.

सकाळी १०.३५

दादरला पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, मग ग्रँट रोड. पूर्वेला उतरल्यावर बी. मेरवानच्या इराण्याकडे डोकावले. मावा केक संपलेले. डोंबिवलीहून येणाऱ्याच्या नशिबात ते क्वचितच असायचे. चहा-ब्रुनमस्का झाला.

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून घाऊकवाल्यापर्यंत सगळे म्हणतात लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव पाटीवरून गेलं, तोंडातून गेलं नाही. माझ्या वडिलांना हा रस्ता सिनेमाचा. मिनर्व्हाला ‘शोले’ पाच वर्षं चालला तो इथेच. मला हा रस्ता स्क्रूचा, वायरचा आणि खोक्यांचा. दुकानांची शटरं साडेदहा-अकराला वर जातात, त्याआधी येऊन उपयोग नाही.

सकाळी ११.००

पहिलं दुकान पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की मॉनिटर घेऊन उतरणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. शेठ माझ्याशी हिंदीत बोलतात, मी मराठीत, गेली बारा वर्षं.

‘दीदी, ५६००जी ट्रे में लो. नऊशे कम.’

ट्रे म्हणजे कंपनीच्या खोक्याशिवाय सुटा आलेला माल. त्यावर वॉरंटी दुकानदाराची, बहुतेक एका वर्षाची. खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची, शिवाय सोबत पंखा. नऊशे वाचवून पंखा वेगळा घेतला की वाचलेले तिथेच संपले. खोक्यातला घेतला : ११,२००.

खोका काउंटरवरच उघडला. ह्या रायझनच्या पोटाला १३३१ पिना असतात, टाचणीपेक्षा बारीक. एक वाकली की वॉरंटी गेली, आणि ती दुकानात वाकली की लोकलमध्ये हे नंतर कोणी ऐकत नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून रांगा बघितल्या. सगळ्या सरळ. शेठ दरवेळी हसतात. हसू देत.

सकाळी ११.३०

आता मदरबोर्ड. दिवसातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, कारण बोर्डाची किंमत कुठवर नेता येईल याला शेवट नाही.

माझ्यापुढे तीन ठेवले. ए५२०, पाच हजारांच्या आसपास : मेमरीला दोनच खाचा. बी४५०, ५,७०० : चार खाचा. बी५५०, ८,२०० : चार खाचा, दिसायला देखणा, वीज सांभाळणाऱ्या भागावर जाड हीटसिंक. काउंटरवरचा पोरगा बी५५०च पुढे सरकवत होता. ‘जनरेशन फोर है, मॅडम.’

बोर्ड चौथ्या पिढीचा असेल, पण ५६००जी स्वतः तिसऱ्या पिढीचं पीसीआय बोलतो. दोघांत जो हळू बोलेल त्याच्या वेगानेच संभाषण चालतं. आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तेवढ्या जाड हीटसिंकची गरज नाही. बी४५० वरही पुढे आठ कोअरचा रायझन बसतो. फरक अडीच हजारांचा. मी डावं पान उघडलं. ‘पावसाळ्यात लाइट जाते.’ अडीच हजारांत यूपीएस येतो. बी४५० घेतला.

एक काम मात्र विसरले नाही. ह्या जुन्या बोर्डांना नवे प्रोसेसर ओळखायला बायोस नवा लागतो. खोक्यावरचं स्टिकर वाचून घेतलं. नाहीतर घरी जाऊन काळा पडदा.

दुपारी १२.१५

मेमरी. सोळा जीबी ठरलेलीच होती. आठमध्ये स्टुडिओ उघडतो, पण इम्युलेटर लावला की धापा टाकतो. सोळाची एक पट्टी घ्यायची की आठच्या दोन? एक घेतली तर पुढे वाढवायला सोपं, असं सगळे सांगतात. पण पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते ह्याच पट्ट्यांतून उसनं घेतं. दोन पट्ट्या म्हणजे दोन नळ. एका नळावर तोच प्रोसेसर गेममध्ये चक्क लंगडतो. बोर्डाला चार खाचा आहेत, तेव्हा वाढवायची वाटही मोकळी. आठच्या दोन, ३२०० च्या वेगाच्या, डीडीआर४ : प्रत्येकी १,७५०.

एसएसडी ५१२ जीबी, एनव्हीएमई, तिसऱ्या पिढीचा : ३,१००. इथे एक फसगत होते. त्याच आकाराची, तशीच पट्टी साटा प्रकारातही मिळते. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबते, एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे जाते. स्वस्त म्हणून उचलायची आणि घरी गेल्यावर कळायचं. खाचेच्या बाजूला दोन कट असतील तर मी थांबून लेबल वाचते. एकच कट असेल तरी वाचतेच. चौथ्या पिढीचा एसएसडी हजारभर जास्त होता. ह्या बोर्डावर तो तिसरीतच बसणार.

दुपारी १.००

वडापाव, ताक, आणि दुकानाच्या पायरीवर उजव्या पानाची बेरीज : प्रोसेसर ११,२००, बोर्ड ५,७००, मेमरी ३,५००, एसएसडी ३,१००. झाले २३,५००. उरले १६,५००.

शेजारच्या दुकानात कंपन्यांचे जुने डेस्कटॉप थप्पीने लावलेले. चौथ्या पिढीचा आय५, मेमरीसकट, नऊ हजार. पाटी वाचून दोन कॉलेजची पोरं थांबली होती. राहवलं नाही. म्हटलं, ‘काम काय?’ एकाला गेम खेळायचे होते. त्याला सांगितलं, ह्यात मेमरी डीडीआर३, एनव्हीएमईची खाच नाही, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होता. दुकानदाराने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. पण ही यंत्रं टाकाऊ नाहीत. मागच्या महिन्यात शिकवणीच्या एका बाईंना मी स्वतः असाच एक दिला, त्यावर लिनक्स घालून. त्यांच्या डाव्या पानावर फक्त प्रश्नपत्रिका टाइप करणं होतं.

दुपारी १.४५

एसएमपीएस. वीजपुरवठ्याचा हा डबा कॅबिनेटच्या तळाशी जातो, कोणाला दिसत नाही, म्हणून सगळे इथेच पैसे कापतात. कॅबिनेटसोबत तो फुकट मिळतो. फुकटवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते ह्याच लाइनवर, बाकीचे वॅट लेबलवरच राहतात.

२०११ मध्ये असा एक डबा मी एका फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरला लावला होता. पाचशे रुपये वाचवले होते. मे महिन्यात तो गेला, आणि जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. त्यात तीन लग्नं होती. तो माणूस मला एक शब्द वाकडा बोलला नाही, फक्त पुन्हा आला नाही. डाव्या पानाचा माझा नियम त्या दिवसाचा.

५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, ३,७००. निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के वीज कामाला लागते, उरलेल्याची उष्णता होते. आजचा कॉम्प्युटर दीडशे वॅटसुद्धा ओढणार नाही. पण कार्ड येईल त्या दिवशी हा डबा बदलावा लागू नये. खोका हातात घेतला की वजन कळतं. भाजीवालीच्या तागडीवर माझा विश्वास आहे तेवढाच ह्या वजनावर, म्हणून लेबलही वाचते.

‘बिना बिल लो दीदी, अठरा टक्का छूट जाएगा.’ नको. बिलावर जीएसटी हवा, आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर हवा. तीन वर्षांनी वॉरंटीच्या काउंटरवर कागद बोलतो, ओळख नाही. मग ४०० रुपयांच्या की-बोर्डवर बोट दाबून बघितलं, अक्षरं रंगवलेली होती, कोरलेली नव्हती. की-बोर्ड-माउसची जोडी ८०० ची घेतली. कोडिंग करणाऱ्या मुलीची अक्षरं सहा महिन्यांत पुसायला नकोत.

दुपारी २.४०

परतीची लोकल. हातात दोन पिशव्या, सहा लहान खोकी आणि की-बोर्डाचं एक लांब. कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस लॅमिंग्टनला शे-दीडशेने स्वस्त पडतात, पण ते घेऊन दादरचा पूल चढून बघा. ही तीन खोकी मी डोंबिवलीच्या घाऊकवाल्याकडून घेते, तो टेम्पोने दुकानात आणून टाकतो.

दुपारी ४.१५

टेम्पो येऊन गेला होता. शेजारच्या गिरणीवाल्या काकांनी खोकी उतरवून घेतली, वर पिठाचे दोन पांढरे पंजे. कॅबिनेट २,००० : समोर जाळी, दोन पंखे, दिवे नाहीत. काचेचं बंद तोंड असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, आत हवा जायला जागा ठेवत नाही. मॉनिटर २२ इंची आयपीएस, ६,४००, मागे एचडीएमआय आहे हे आधी बघून. यूपीएस ६०० व्हीए, २,५००. लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं देईल. फाइल जतन करून बंद करायला तेवढी पुरे.

दहा खोकी टेबलावर मांडली. बेरीज ३८,९००. मजुरी १,०००. उरले १००.

संध्याकाळी ४.४५

मुलगी कॉलेजहून थेट आली. बोलावलंच होतं, जोडताना बघितलं की पुढे अर्ध्या तक्रारी येत नाहीत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायला लावली आणि प्रोसेसर तिच्याच हातात दिला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खाचेतल्या त्रिकोणासमोर. ‘दाबायचं नाही. आपसूक बसायला हवा.’ बसला. दांडी खाली. तिने श्वास सोडला तेव्हा कळलं की धरला होता.

पंख्याखाली पेस्ट कंपनीने लावूनच दिलेली असते, वरून आणखी थापायची नाही. मेमरी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, ‘खट’ ऐकू येईपर्यंत. मागची पत्र्याची चौकट बोर्डाच्या आधी. ती विसरून सगळं पुन्हा उचकटलं नाही असा कारागीर मला भेटायचाय.

संध्याकाळी ६.१०

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

मुलीचा चेहराही. मी मेमरी काढून पुन्हा बसवली. काळाच. केबल बदलली. काळाच. बोर्डावर प्रोसेसरपाशी लाल ठिपका जळत होता. ‘मावशी, ही वायर कुठे जाते?’ तिने विचारलं. आठ पिनांची वायर, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज नेणारी, कॅबिनेटच्या मागून लोंबत होती. सतरा वर्षं. मी काही बोलले नाही, तिनेच लावली. पडदा उजळला.

संध्याकाळी ६.४५

बायोसमध्ये दोन गोष्टी बघितल्या. मेमरी ३२०० वर धावतेय. एसव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, बंद होतं, ते चालू केलं. त्याच्याशिवाय इम्युलेटर रांगतो, आणि बिचारी पोरं प्रोसेसरला शिव्या देतात.

विंडोजचा अधिकृत परवाना जवळजवळ प्रोसेसरच्या किमतीला पडतो. उजव्या पानावर शंभर रुपये आहेत. चोरीचं मी घालत नाही. लिनक्स मिंट घातलं, अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर झकास चालतो. ‘आणि थोडे?’ तिने हळूच विचारलं. स्टीमवरचे बरेच गेम लिनक्सवर चालतात, सगळे नाहीत, हे खरं तेच सांगितलं.

मग तिने मेमरीचा आकडा वाचला. ‘मावशी, सोळा नाही दाखवत. पंधरा पॉइंट काहीतरी आहे.’ शाब्बास. नळावरचं उसनं पाणी. ग्राफिक्सने आपला वाटा काढून ठेवलाय, कोणी चोरलेला नाही. दरवर्षी दोन-तीन माणसं ह्याच तक्रारीने परत येतात. ही येणार नाही.

रात्री ८.३०

दादा रिक्षा घेऊन आले. बिलं एका पाकिटात, सिरियल नंबर वहीत उतरवलेले, शंभराची नोट वर. त्यांनी काळ्या खोक्याकडे बघितलं. ‘दिवे नाहीत ना ह्याला?’ मुलगीच म्हणाली, ‘बाबा, त्याच्यात यूपीएस आलाय.’ मॉनिटर तिने मांडीवर घेतला, बाकीचं मागच्या सीटवर. रिक्षा गेली.

रात्री ९.४०

शटर खाली. वहीत डाव्या पानावर बरोबरची खूण, उजव्यावर तारीख : जून २०२४.

हे टिपण छापायला देताना उजवं पान पुन्हा काढून बघितलं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल खेचून नेला आणि टोमॅटो गगनाला भिडले. त्या पट्ट्या आता त्या भावात मिळत नाहीत, तीच यादी चाळीसात बसत नाही. तेव्हा माझे आकडे घेऊन बाजारात जाऊ नका. त्या दिवसाचे भाव त्या दिवशी विचारा, बिल घ्या, एसएमपीएसचं लेबल वाचा. आणि घरून निघायच्या आधी डावं पान लिहा. ‘थोडे’सकट.